दीडशे रुपयांची तोफ

तोफ विकत घेणाऱ्या माणसांची एक जमात जगात आहे. आपल्याकडे ती फारशी आढळत नाही, पण इंग्लंड-अमेरिकेत चांगली फोफावली आहे. दुसऱ्या महायुद्धातली एखादी तोफ कुठल्या तरी शेताच्या कडेला, झुडपांत, चाकं मातीत रुतलेली अशी सापडायचा अवकाश, ही माणसं ती उचलून घरी आणतात. तिचा नट न् नट सोडवतात. रंगाचे थर नखाने खरवडत खाली उतरतात आणि कारखान्यातून निघाली तेव्हा तिचा हिरवा नक्की कुठला होता यावर एकमेकांशी हमरीतुमरीवर येतात. दुर्बिणीचं झाकण एकाकडे, गोळे ठेवायची गाडी दुसऱ्याकडे आणि त्या सालचे टायर तिसऱ्याच देशात. सगळं जमवून, तेलपाणी करून ती एकदाची नव्यासारखी उभी राहिली की तोच माणूस तिला विकायला काढतो. का, ते कुणी उघड सांगत नाही. माझा कयास असा की, अंगण रिकामं करण्याचा आदेश घरातूनच येत असावा.

मी घोलवडला राहतो. शाळेतून निवृत्त झालो आहे, चिकूची लहानशी वाडी आहे, आणि न परवडणाऱ्या वस्तू मनातल्या मनात विकत घ्यायचा जुना छंद आहे. या छंदात पैसे लागत नाहीत आणि माळ्यावर जागाही लागत नाही. माथेरानच्या गाडीचं एक वाफेचं इंजिन, कोकण किनाऱ्यावरची एक आगबोट आणि एक दीपस्तंभ एवढी माझी स्थावर-जंगम मालमत्ता आधीपासून आहे. तेव्हा तोफेची पाळी कधी ना कधी येणारच होती.

घ्यायची तर पंचवीस पौंडीच, हे आधीच ठरलं. ब्रिटिशांची ही तोफ १९४० साली लढाईत उतरली. पंचवीस पौंड हे तिच्या गोळ्याचं वजन, म्हणजे सव्वाअकरा-साडेअकरा किलो. तोफेचं स्वतःचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास, आणि चालवायला सहा माणसं. आपल्या तोफखान्यातल्या जवानांनी ती आफ्रिकेच्या वाळवंटात ओढली, ब्रह्मदेशाच्या चिखलात ओढली आणि पुढे १९६५ आणि १९७१ सालीही वापरली. मला तिची एक गोष्ट फार आवडते. तिच्या पोटाखाली एक मोठी लोखंडी गोल चकती टांगलेली असते. जागेवर पोचल्यावर चकती जमिनीवर सोडायची आणि तोफेची चाकं तिच्यावर चढवायची. मग एकटा गडी मागचं शेपूट धरतो आणि ते सगळं धूड जात्यासारखं गरकन फिरवतो. पूर्वीच्या तोफांना दिशा बदलायची म्हटलं की पाच-सहा जणांनी पहारी घालून, आरडाओरडा करून त्यांना इंच इंच सरकवावं लागे. ही मात्र एका माणसाचं ऐकते. घरात असं एक तरी यंत्र असावं असं मला फार दिवस वाटत होतं.

तिचा पल्ला सव्वाबारा किलोमीटरचा. मुंबईहून येणारी लोकल डहाणू रोडला येऊन दम टाकते. तिथून घोलवडपर्यंतचं अकराएक किलोमीटर आम्ही मिळेल त्या गाडीने, नाहीतर रिक्षात खेटून बसून काढतो. तोफेच्या पल्ल्यात हे अंतर आरामात बसतं. लोकल घोलवडपर्यंत वाढवा म्हणून अर्ज करून थकलेल्या लोकांना हा एक नवा विचार सुचवता येईल. प्रवास एकेरी आहे, हे मात्र त्यांना आधी सांगायला हवं.

मनातल्या खरेदीतसुद्धा मी कायदा पाळतो. आपला १९५९चा शस्त्र कायदा उघडला तर मनाई असलेल्या शस्त्रांच्या यादीत तोफखान्याचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र सरकारची खास परवानगी असल्याशिवाय तोफ बाळगता येत नाही. त्याच कायद्यात एक खिडकीही ठेवली आहे. शस्त्र कालबाह्य झालेलं किंवा जुन्या मोलाचं असेल आणि दुरुस्त करूनही त्यातून बार उडणं शक्य नसेल, तर त्याला हा कायदा लागत नाही. म्हणजे आधी वर्षानुवर्षं खपून तोफ जिवंत दिसेल अशी सजवायची आणि मग ती मेलेली आहे हे सरकारला पटवायचं. इंग्लंडात हे काम रीतसर होतं. नळीला आरपार भोक पाडतात, बूड वेल्डिंग करून सांधून टाकतात आणि मग हातात दाखला ठेवतात. त्या दाखल्याशिवाय गिऱ्हाईक ढुंकून बघत नाही. अमेरिकेत मोठ्या तोंडाच्या चालू तोफेवर दोनशे डॉलरचा कर भरून नोंदणी केली तर ती बाळगता येते. तिच्या प्रत्येक स्फोटक गोळ्याची नोंद मात्र वेगळी. गोळ्यागणिक कर भरून आनंद लुटणारी माणसं त्या देशात आहेत, हे कळल्यावर मला आपल्याकडच्या दिवाळीच्या खर्चाचं काही वाटेनासं झालं.

आणखी एक कायदा १९७२चा आहे. वस्तूला शंभर वर्षं पूर्ण झाली की ती पुरावस्तू. मग ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. माझी तोफ १९४०ची धरली तर २०४० साली ती पुरावस्तू होईल. तोवर मी असलो तर मीही त्याच रांगेत उभा असेन, आणि मलाही कुणी परदेशात नेणार नाही.

आता वाहतूक. जहाज गुजरातच्या बंदरात लागलं असं धरू. ट्रेलरवर चढलेली तोफ वापी ओलांडून, अच्छाडला महाराष्ट्रात शिरून तलासरीला येणार. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर काय काय जातं ते आम्ही रोज बघतो. पवनचक्कीची पाती जातात, रेल्वेचे डबे जातात, एकेका ट्रेलरला सत्तरऐंशी चाकं असतात. त्या गर्दीत माझ्या पावणेदोन टनांच्या तोफेकडे बघायला कुणाला वेळ नाही. सीमेवर कुणी कागद मागितलेच, तर मालाच्या रकान्यात काय लिहायचं एवढाच प्रश्न. ‘यंत्रसामग्री’ म्हटलं तर ‘कसली’ असं विचारतील. ‘शोभेची वस्तू’ म्हटलं तर तोंड बघून हसतील.

तलासरीत मात्र हा विनोद थोडा थांबवावा लागतो. ज्या युद्धासाठी ही तोफ घडवली ते संपता संपता, मे १९४५मध्ये, जवळच्या झरी गावात वारली जमले आणि यापुढे जमीनदाराची वेठ करायची नाही असं ठरवून उठले. गोदावरी आणि शामराव परुळेकर तेव्हा या भागात काम करत होते. ऑगस्टमध्ये महायुद्ध संपलं, जगभरच्या तोफा गप्प झाल्या आणि १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी चार जण गेले. ऑक्टोबरात ते स्मरण इथे अजून पाळतात. त्या दिवशीच्या बंदुका कुणी शोधून, पुसून, रंगवून ठेवल्याचं ऐकिवात नाही. संग्राहकांना लागतो तो पराक्रमाचा इतिहास, आणि शक्य तर त्या वर्षीच्या टायरांसकट. तलासरीच्या नाक्यावर माझा ट्रेलर काही न बोलता पुढे जाईल, एवढं मी ठरवलं आहे.

तोफेचा भाव कसा ठरतो, याचा विचार करताना मला नेहमी विजापूर आठवतं. तिथल्या बुरुजावर मुलूख-ए-मैदान ठाण मांडून बसली आहे. मुळात ती अहमदनगरची. १५४९ साली मुहम्मद बिन हुसेन रुमी नावाच्या कारागिराने ती निजामशाहीसाठी ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार पंडिताने ती विजापूरला नेली. वजन पंचावन्न टन. वर चढवायला दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं सांगतात. बैलांच्या आकड्यात थोडी वाढ झाली असेल, हत्तींच्या आकड्याला मी हात लावत नाही. तिचं तोंड म्हणजे जबडा वासलेला सिंह, आणि जबड्यात चेंगरत असलेला हत्ती. भर उन्हाळ्यात हात लावला तरी धातू गार लागतो, असं तिथले लोक म्हणतात. बोटाच्या पेराने टकटक केलं तर ती घंटेसारखी वाजते.

या तोफेच्या नशिबात दोन प्रसंग आले. १८२३च्या सुमारास मुंबई सरकारच्या मनात आलं की, ही इंग्लंडच्या राजाला नजर करावी. पण तिला बंदरापर्यंत न्यायला तोलामोलाचा रस्ताच नव्हता. आपल्याकडच्या खराब रस्त्यांनी देशाची जी सेवा केली आहे तिचा इतिहास अजून लिहिला गेलेला नाही. लिहिला जाईल तेव्हा पहिल्या प्रकरणात मुलूख-ए-मैदान असावी. दुसरा प्रसंग १८५४चा. तेव्हा विजापूर साताऱ्याच्या कमिशनरच्या अखत्यारीत होतं. कमिशनरसाहेबांनी हुकूम काढला की, विजापुरातला निरुपयोगी सरकारी माल विकून टाका. निरुपयोगी मालाच्या यादीत तोफ आली. लिलाव पुकारला गेला. सर्वांत वरची बोली लागली दीडशे रुपयांची.

पंचावन्न टनांचे दीडशे म्हणजे टनाला पावणेतीन रुपये. बोली लावणाऱ्याला मी मुळीच नावं ठेवत नाही. त्याला तोफ नको होती, धातू हवा होता, आणि तो फोडायला, वितळवायला, वाहून न्यायला किती खर्च येईल याचा हिशेब त्याने केला असणार. तांबं-कथलाचा भाव ज्याला कळतो तो सिंहाच्या जबड्याचा भाव वेगळा धरत नाही. आमच्या महामार्गालगतचा भंगारवालासुद्धा पंपाचा जुना व्हॉल्व्ह हातात घेतला की आधी नखाने खरवडून पितळ आहे की गनमेटल ते बघतो, मगच कुठल्या पंपाचा ते विचारतो. दुसरं विचारलंच तर मेहेरबानी.

मला खरं कौतुक आहे ते विजापूरच्या अंमलदाराचं. वरून हुकूम आहे, लिलाव रीतसर झाला आहे, बोली आलेली आहे, पैसे जमा करून पावती फाडली की काम संपलं. पण त्याला दीडशे रुपये कमी वाटले. त्याने वर कळवलं की, एवढीच बोली आली आहे, या तोफेला आसपासचे लोक फार मानतात, तेव्हा ती राहू द्यावी. साहेबांनी ऐकलं. विक्री रद्द झाली. त्या अंमलदाराने ना चळवळ केली, ना भाषण. त्याने सरकारी पद्धतीने एक शेरा मारला. कारकुनी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला या गोष्टीचं मोल विशेष कळतं. ‘रक्कम अल्प वाटते, पुनर्विचार व्हावा’ अशा धर्तीच्या एका ओळीने पंचावन्न टन वाचले. बोली दीडशेच्या ऐवजी हजार आली असती तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही. कदाचित तोही मोहात पडला असता आणि आज आपण विजापूरला रिकामा बुरूज बघून आलो असतो.

आमच्या किनाऱ्यावर असा अंमलदार प्रत्येक तोफेला मिळाला नाही. १७३९च्या सुरुवातीला चिमाजीअप्पांच्या फौजांनी माहीम, तारापूर, डहाणू अशी पोर्तुगीजांची ठाणी एकामागून एक घेतली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई आली. त्या मोहिमेतून काय काय परत आलं याची आठवण आपण घंटांच्या रूपाने ठेवली आहे. वसईकडच्या चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांनी आपापल्या देवळांत नेऊन टांगल्या. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे घाटावर एक आहे, तिच्यावर १७०७ साल आहे. नाशकात नारोशंकराच्या देवळात दुसरी आहे, तिच्यावर १७२१. घंटेला नवं काम लगेच मिळतं, कारण देव बदलला तरी वाजणं बदलत नाही. तोफेची तशी सोय नाही. डहाणूच्या किल्ल्यात पुढे मामलेदार कचेरी बसली, आणि जिथे एके काळी तोफा डागत होत्या तिथे सातबाराचे उतारे निघू लागले. मुंबईच्या कोट भागात तर जुन्या तोफा तोंड खाली करून रस्त्याच्या कडेला पुरल्या, घोडागाड्यांची चाकं भिंतींना घासू नयेत म्हणून. निवृत्तीनंतर काही तरी करत राहावं असं जे म्हणतात, त्यांनी त्या एकदा जाऊन बघाव्यात.

अलीकडे वारं फिरलं आहे. सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांतली तरुण पोरं गडावर मातीत लोळणाऱ्या तोफा उचलून सागवानी गाड्यांवर चढवतात. सुट्टीच्या दिवशी खांद्यावरून सागाच्या फळ्या गडावर नेणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापुढे माझ्यासारख्या खुर्चीतल्या संग्राहकाला जरा आवरूनच बसावं लागतं. मुंबईच्या राजभवनात २०१८ साली मलबार हिलच्या उतारावर, समुद्राच्या बाजूला पडून असलेल्या दोन तोफा क्रेनने वर आणल्या. एकेक बावीस टनांची. बावीस टन लोखंड राज्यपालांच्या अंगणाखाली पडून असावं आणि त्याची कुणाला आठवण नसावी, ही गोष्ट मला फार आपलीशी वाटते. आमच्या माळ्यावर भाताचा जुना पाटा आणि दोन सायकली अशाच गेल्या. त्या तोफा आता स्वच्छ करून, चौथऱ्यावर बसवून ठेवल्या आहेत. कुणीही भाव विचारलेला नाही आणि कुणी सांगणारही नाही, ते उत्तमच.

आता माझी तोफ. ती आणली, कागद पुरे झाले, वाडीत उतरवली. ठेवायची कुठे, हा प्रश्न पहिला शेजारच्या इराणी बावाजींना पडला. “मास्तर, तोप लेशो तो मूकशो क्यां?” त्यांची वाडी माझ्या चौपट आहे, म्हणून त्यांना जागेची काळजी जास्त. मी म्हटलं, आंब्याखाली. ते म्हणाले, आंब्याखाली ठेवली तर कावळे तिची काय दशा करतील ते बघा.

घरून आलेला प्रश्न जास्त अडचणीचा होता. “ठेवा कुठेही. पण तोंड कुणाकडे करून ठेवणार?”

हा विचार जगातल्या कुठल्या संग्राहकाने केला असेल असं वाटत नाही. उत्तरेला केलं तर बोर्डी, झाई, आणि त्यापुढे गुजरात. उमरगावला आमचे निम्मे सोयरे आहेत. लग्नकार्याला येतील आणि तोंडासमोर तोफ बघून आहेर परत नेतील. दक्षिणेला डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी लांबूनही दिसते. पर्यावरणवाल्यांचा आणि त्या केंद्राचा वाद जुना, डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला, तेव्हा माझी तोफ कोणत्या बाजूची असं लोक विचारतील. पूर्वेला रेल्वेचे रूळ. वंदे भारत जाताना खिडकीतून कुणी फोटो काढला तर मला चौकशीला बोलावतील. राहिला पश्चिमेचा समुद्र. इतिहासाच्या दृष्टीने तीच दिशा बरोबर, फिरंगी तिकडूनच आले. पण खारं वारं थेट नळीत शिरणार आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा सगळा गंज. मग नळीला टोपी शिवावी लागेल. चकतीवर गरकन फिरणारी तोफ असूनही तिला चारही दिशांना जागा नाही, अशी परिस्थिती.

शेवटी मी आमच्या राखणदाराला विचारलं. तो वारली आहे, वाडीत माझ्या आधीपासून आहे, आणि चिकू पाडाला आला की रात्र रात्र जागतो. वटवाघळांचा उपद्रव फार. जाळी लावली तरी ती कुठून तरी शिरतात. त्याला मी तोफेचं सगळं वर्णन केलं, नळी, चकती, टायर, सव्वाबारा किलोमीटर. त्याने बिडी विझवली आणि लक्ष देऊन ऐकलं.

“गुरुजी, ती वाजंल का?”

नाही म्हटलं. तिचं बूड सांधलेलं असतं, कायदाच तसा आहे. आवाज अजिबात नाही.

त्याने थोडा विचार केला आणि कोपऱ्यातला पत्र्याचा डबा व काठी उचलली. “मंग हा डबाच बरा हाय,” म्हणाला, आणि तिसऱ्या रांगेतल्या झाडाकडे निघाला.